सादळली, खवटली की दोन्ही?

(गृहउद्योग आणि फरसाण उत्पादकांसमोरील व्याख्यान, संपादित)

भाकरवडीचं पाकीट हातात आलं की गिऱ्हाईक ते उलटं करून तारीख बघतं. ती तारीख आली कुठून, हा माझा आवडता आणि उत्पादकांचा नावडता प्रश्न. पुष्कळदा उत्तर असतं, बाजारात जी भाकरवडी जास्त खपते तिच्या पाकिटावरून. 2020 च्या लेबलिंग नियमांनी वापराची अंतिम तारीख छापणं सक्तीचं केलं. मग शेजारच्या मुलाच्या वहीतून गणित उतरवावं तशी ती उतरवली जाते. त्याचं तेल वेगळं, सारण वेगळं, पाकिटाचा कागद वेगळा, उत्तर मात्र तेच!

जे खरोखर चाचणी करून घेतात, तेही प्रयोगशाळेला सांगतात, "तीन महिन्यांचं लिहून द्या." म्हणजे निकाल आधी, परीक्षा नंतर. माझं म्हणणं एवढंच, की टिकाऊपणाच्या चाचणीतून तारीख मिळते ती वरकमाई. खरी कमाई म्हणजे माल आधी कुठे हरतो ते कळणं, कारण पाककृतीत हात तिथेच घालायचा असतो. घरी ही चाचणी कधी होत नाही, त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. दिवाळीचा डबा तुळशीच्या लग्नापर्यंत पोचला तर ना!

आता सादळणं बघू. भाकरवडी मऊ पडली की पहिला आळ पाकिटावर. पण भाकरवडीच्या पोटातच पाणी असतं. तळून निघालेली पारी अगदी कोरडी, सारणात मात्र चिंचेचा कोळ. पाण्याचे टक्के मोजून इथे काही कळत नाही. मोजायची ती वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे पदार्थातलं पाणी किती मोकळं आहे याचं 0 ते 1 मधलं माप. पाणी जास्त आकड्याकडून कमी आकड्याकडे जातं आणि दोन्ही सारखे होईपर्यंत जात राहतं. समजा सारण 0.55 आणि पारी 0.2. पाकीट कितीही भारी आणा, पारी आतून ओली होणारच. कुरकुरीत पदार्थांचा कुरकुरीतपणा साधारण 0.35 ते 0.5 च्या दरम्यान जातो. चिवड्यात बेदाणे घातले की पोहे का सादळतात, त्याचंही हेच उत्तर.

दोषी ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. एकाच घाण्यातला माल घ्या. काही नग नेहमीच्या पाकिटात, काही घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, आणि सारण न भरता तळलेल्या नुसत्या सुरळ्या पुन्हा नेहमीच्या पाकिटात. बाटलीतलीही मऊ पडली तर सारण दोषी. बाटलीतली कुरकुरीत आणि पाकिटातल्या रिकाम्या सुरळ्याही मऊ, तर पाकीट किंवा त्याचं सील. सारण दोषी असेल तर कोळाऐवजी आमचूर किंवा सायट्रिक आम्ल घ्या आणि मसाला कोरडा भाजा. आणि गरम माल पाकिटात भरू नका. वाफ आतच गार होते, मग दोष कोणाचा हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

खवटपणात तर आपली भाषाच आपल्याला फसवते. "खवट" या एका शब्दाखाली दोन आजार आहेत. सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलात तळलेल्या मालाला रंगाच्या डब्यासारखा वास येतो, ते हवेतल्या ऑक्सिजनचं काम. खोबऱ्याचं तसं नाही. त्याची चरबी बहुतेक संपृक्त, ऑक्सिजनला सहजासहजी दाद न देणारी. पण तिच्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. खोबरं दमट राहिलं, बुरशी लागली, की लायपेज नावाचं विकर ते आम्ल सुटं करतं आणि तोंडात साबण आल्यासारखं होतं. या साबणावर अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे ऑक्सिजनचं काम लांबवणाऱ्या द्रव्याचा, काही उपयोग नाही. पेरॉक्साइडच्या, म्हणजे ऑक्सिजन तेलाला लागून आधी बनणाऱ्या द्रव्यांच्या, चाचणीत तो दिसतही नाही, त्यासाठी मुक्त, म्हणजे सुटी झालेली, मेदाम्लं मोजावी लागतात. उपाय खरेदीत आणि भाजण्यात: कोरड्या, बिनबुरशीच्या वाट्या, आणि कीस आतपर्यंत नीट भाजलेला.

पेरॉक्साइडचा आकडा आणखी एका बाबतीत फसवा. तो चढतो आणि मग उतरतो, कारण पेरॉक्साइडं फुटून वासाची द्रव्यं बनतात. तिसऱ्या महिन्यात आकडा कमी आला म्हणून पेढे वाटू नका, आधी वास घ्या.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. म्हणजे कबूल केलेला विषय, चाचणी लावायची कशी, तो आता पळत पळत.

घाणे तीन घ्या, त्यांतला एक पावसाळ्यातला. तुलनेसाठी प्रत्येकातली काही सीलबंद पाकिटं उणे 18 अंशांवर ठेवा. उरलेली निम्मी दुकानाच्या तापमानाला, निम्मी 38 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेला. ऑक्सिजनच्या खवटपणाचा वेग दर 10 अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे 28 अंशांचे दोन दिवस 38 ला एका दिवसात. हा अंदाजच, म्हणून दुकानातली पाकिटं मध्येच उघडून खाऊ नका. 55 अंशांवर घाई करू नका, तिथे वनस्पती तूप वितळून वेगळंच नाटक सुरू होतं.

दर आठवड्याला वजन, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, वास. चवीसाठी गोठवलेल्या आणि बाहेर ठेवलेल्या मालाच्या मिळून तीन वाट्या, दोन सारख्या, एक वेगळी. बारा जणांपैकी आठांनी वेगळी ओळखली तर फरक खरा, चार जणांना तर ती नशिबानेही सापडते.

पारी नेमकी कुठल्या आकड्याला सादळते ते हवं असेल तर बंद डब्यात तळाशी मिठाचा चिखल, म्हणजे थोड्या पाण्यात भिजवलेलं भरपूर मीठ, ठेवा, वरच्या जाळीवर रिकामी सुरळी. साधं मीठ 75 टक्के आर्द्रता (म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी 0.75) धरतं, पोटॅशियम कार्बोनेट 43, मॅग्नेशियम क्लोराइड 33. वजन स्थिरावलं की चावून बघा.

मग बदल करा, पण एका वेळी एकच. आधी सारण, मग तळणाचं तेल, मग पाकीट. सूर्यफुलाऐवजी पामोलीन किंवा राइस ब्रान घेतलंत तर त्याचा वेगळा घाणा लावा. तळणात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून बनलेली बिघाडाची द्रव्यं, 25 टक्क्यांवर गेली की ते तेल कायद्यानेही बाद, त्यातल्या घाण्याची चाचणी करण्यात अर्थ नाही.

पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरण्याबद्दल ज्यांना विचारायचं आहे त्यांनी चहाच्या वेळी गाठा. येताना एक भरलेलं पाकीट आणा. बादलीत बुडवून दाबू, बुडबुडे आले तर आधी सीलच्या मशीनकडे जावं लागेल.