भांडण दोघींचं, खुर्च्या कुणी मोजल्या?

नमस्कार.

‘बाईच बाईची वैरी’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि आपल्यातल्या अनेकींनी कधी ना कधी ते म्हटलंही आहे. ऑफिसात ते वेगळ्या शब्दांत येतं. ‘त्या दोघींना एका टीममध्ये ठेवू नका.’ ‘बाई बॉस असेल तर मला दुसऱ्या विभागात द्या.’ मी मनुष्यबळ विभागात काम केलं. बदलीच्या अशा विनंत्या माझ्याकडे कायम येत राहिल्या, आणि त्या करणाऱ्यांत मुलीही असायच्या.

ही सगळी अफवा आहे, असं मी म्हणणार नाही. भांडणं होतात आणि त्यात माणसं होरपळतात. वरिष्ठ बाई धाकटीपर्यंत मीटिंगचा निरोप पोहोचू देत नाही. क्लायंटला जाणाऱ्या मेलमधून तिचं नाव गळतं. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली मुलगी वेळेवर घरी निघाली की ‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’ हे तिला तिच्या बाईबॉसकडूनच ऐकावं लागतं. उलट बाजूनेही होतं. धाकटी आपल्या बॉसला वगळून थेट तिच्या साहेबांकडे जाते आणि ‘मॅडमना सांगू नका, पण...’ अशी सुरुवात करते. हे खरं आहे. मला आज एवढंच विचारायचंय, की ज्या जागेसाठी हे सगळं चालतं, ती जागा एकच आहे हे ठरवलं कुणी?

या प्रश्नाला फार चांगलं उत्तर १९७७ साली मिळालं. रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या अमेरिकन कंपनीत राहून, बारकाईने पाहून त्यावर लिहिलं. त्यांचं लक्ष बायकांच्या स्वभावाकडे नव्हतं, प्रमाणाकडे होतं. एखाद्या गटात एका प्रकारची माणसं साधारण १५ टक्क्यांपेक्षा कमी असली की ती फक्त माणसं उरत नाहीत, नमुना होतात. त्यांची चूक सगळ्या बायकांची चूक ठरते. त्यांच्या कपड्यांवर, आवाजावर, हसण्यावर सगळ्यांची नजर असते. आणि त्यांची निष्ठा तपासली जाते. बायकांवरच्या विनोदाला ती हसते का? दुसऱ्या बाईची टिंगल चालू असताना गप्प बसते का? हसली, गप्प बसली, तर ‘ही आपल्यातली’. कँटर यांनी आणखी एक गोष्ट टिपली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गटात दोन बायका आल्या की बहुसंख्य पुरुष त्यांची आपसात तुलना लावतात. एक हुशार, यशस्वी, दुसरी फसलेली. जिला यशस्वी ठरवलं तिला कळून चुकतं, की दुसरीच्या बाजूला उभं राहिलं तर आपलीही जागा जाईल. मग ती दूर सरकते. बाहेरून पाहणारा म्हणतो, बघा, बायकांचं पटत नाही.

मी हे प्रत्यक्ष पाहिलंय, तेही जिथे अप्रेझलचे निकाल पक्के होतात त्या बंद खोलीतल्या कॅलिब्रेशनच्या बैठकीत. तुमच्यापैकी बहुतेकींना या बैठकीचा फक्त निकाल कळतो, म्हणून तिथे काय होतं ते जरा सविस्तर सांगते. पडद्यावर यादी असते. समजा बढतीसाठी सहा नावं आहेत, चार पुरुषांची आणि दोन बायकांची. पुरुषांबद्दल बोलणं असतं ते कामाबद्दल: याने अमुक प्रकल्प पार पाडला, त्याला अजून एक वर्ष हवं. बायकांची नावं आली की बोलणं नकळत वळतं. ‘या दोघींत कोण?’ असं कुणीतरी विचारतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. चार पुरुषांना पदाच्या मापाने मोजलं जातं आणि दोन बायकांना एकमेकींच्या मापाने. तिथे बसलेल्यांपैकी कुणी दुष्ट नव्हतं, हे मुद्दाम सांगते. उलट, ‘यंदा एक तरी बाई हवीच’ असं त्यांना मनापासून वाटायचं. पण त्या ‘एक तरी’चा अर्थ बैठक संपेपर्यंत ‘एकच’ झालेला असायचा.

नंतर त्या दोघींना वेगवेगळं बोलावलं जातं. एकीला सांगतात, ‘तुझं नाव आम्ही लावून धरलं.’ दुसरीला सांगतात, ‘यंदा तिचा नंबर लागला, पुढच्या वर्षी तुझा.’ आता या दुसरीच्या मनात राग कुणाबद्दल बसणार? चार पुरुषांपैकी ज्यांना बढती मिळाली त्यांच्याशी आपली स्पर्धा होती, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. समोर एकच चेहरा आहे, शेजारच्या टेबलावरचा.

हा केवळ माझा अनुभव असता तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते. ख्रिस्टियन देझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १,५०० मोठ्या कंपन्यांच्या वरिष्ठ पदांची दोन दशकांची माहिती तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष मांडला. अगदी वरच्या टीममध्ये एक बाई असली की तिथेच दुसरी बाई असण्याची शक्यता जवळपास निम्म्याने कमी होते. अलिखित कोटाच म्हणायचा. ‘असेल, पहिलीच दुसरीला येऊ देत नसेल,’ असं तुम्ही म्हणाल. त्यांनीही ती शंका घेतली. तसं असतं तर सर्वोच्च पदावर बाई असलेल्या कंपन्यांत हा परिणाम जास्त दिसायला हवा होता, कारण तिच्या हातात सर्वात जास्त अधिकार. तिथे हा परिणाम दिसलाच नाही. ब्राझीलमध्ये बाई महापौर झालेल्या शहरांचा अभ्यास झाला, त्यातही वरच्या आणि मधल्या पदांवर बायकांची संख्या वाढलेली आढळली. हातात खरी सत्ता आली की बाई दुसरीला बरोबर घेते. दार अडवते ती बहुतेक वेळा अर्धी सत्ता मिळालेली बाई, जिला स्वतःच्या जागेची खात्री नाही.

या अर्ध्या सत्तेवाल्या बाईबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय. इंग्रजीत १९७० च्या दशकात तिला ‘क्वीन बी’, राणी माशी, असं नाव पडलं आणि ते चिकटलं. नाव देणाऱ्यांनी तो तिचा स्वभाव मानला. नेदरलँड्समध्ये नाओमी एलेमर्स, बेल डर्क्स, कोलेट व्हान लार या संशोधक बायकांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात पोलीस दलातल्या वरिष्ठ महिला अधिकारी होत्या. काहींना आपल्यावर बाई म्हणून अन्याय झाल्याचे प्रसंग आठवायला सांगितले, काहींना तसं काही आड आलं नाही असे. अन्याय आठवणाऱ्यांत दोन तऱ्हा दिसल्या. ज्यांना आपलं बाईपण फारसं महत्त्वाचं वाटत नव्हतं, त्या आणखी ‘पुरुषी’ बोलू लागल्या, ‘मी इतर बायकांसारखी नाही’ म्हणू लागल्या, भेदभाव असतो हेच नाकारू लागल्या. ज्यांना ते महत्त्वाचं होतं, त्यांची इतर बायकांना मदत करण्याची इच्छा वाढली. आणि अन्यायाची आठवण न करून दिलेल्या गटात राणी माशीचं हे वागणं उफाळून आलंच नाही. म्हणजे हे वागणं जखमेतून येतं. आधी जखम करायची आणि मग तिच्या चालण्यावरून तिचा स्वभाव ठरवायचा, असं आपण वर्षानुवर्षं करत आलो.

तिचा हिशेबही समजून घ्या. डेव्हिड हेकमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की आपल्यासारख्या इतरांना पुढे आणणाऱ्या बायकांना त्यांच्या कामाबद्दल कमी गुण मिळतात. तेच काम गोऱ्या पुरुषाने केलं तर त्याचं काही बिघडत नाही. त्यामुळे मुलाखतीत समोर हुशार मुलगी बसलेली असताना ‘मी हिचं नाव सुचवलं तर लोक म्हणतील, बाई आहे म्हणून घेतली’ असं जिला वाटतं, तिची भीती खोटी नाही. तिला ते महागात पडू शकतं.

तरीही त्या मुलीचं नुकसान झालंच. ते मी पुसून टाकणार नाही. जी वरिष्ठ बाई हाताखालच्या मुलीचं काम स्वतःच्या नावावर खपवते, तिला चार माणसांत अपमानित करते, तिच्यावर त्याच नियमाने कारवाई व्हायला हवी जो पुरुषाला लागू होतो. माझा आग्रह फक्त ‘त्याच नियमाने’ या दोन शब्दांवर आहे, कारण तसं होत नाही. लीआ शेपर्ड आणि कार्ल अक्विनो यांनी २०१३ साली लोकांना ऑफिसातल्या एका वादाची हकिगत वाचायला दिली. हकिगत तीच, फक्त नावं बदललेली: कुठे दोन पुरुष, कुठे एक पुरुष नि एक बाई, कुठे दोन बायका. दोन बायकांचा वाद लोकांना जास्त घातक वाटला. हे नातं आता सुधारणार नाही, असंही वाटलं. तोच वाद! दोन पुरुष संचालक वर्षभर एकमेकांचे प्रस्ताव पाडतात तेव्हा त्याला धोरणात्मक मतभेद म्हणतात. दोन बायकांत एका बैठकीत खटका उडाला तर तो जिन्यापर्यंत चर्चेचा विषय होतो.

आणि यात आपणही आहोत. बाई बॉस मिळाली की आपण तिच्याकडून आईपणाची अपेक्षा करतो. साहेबांनी रजा नाकारली तर ‘साहेब कडक आहेत’. मॅडमनी नाकारली तर ‘बाई असून समजत नाही’. अॅन हॉपकिन्सचा खटला आठवा. एका मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये १९८२ साली भागीदारीसाठी ८८ नावं होती, त्यात ती एकटी बाई. तिने सरकारी खात्याचं कोट्यवधी डॉलरचं काम फर्मला मिळवून दिलं होतं. तिला सल्ला मिळाला तो बायकांसारखं चालण्याचा, बोलण्याचा, मेकअप करण्याचा, दागिने घालण्याचा. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की अशा ठोकळेबाज अपेक्षांवरून निर्णय घेणं हाही लिंगाधारित भेदभावच. न्यायालयाने ते मान्य केलं. रोजच्या व्यवहारात आपण अजून मॅडमकडे साहेबापेक्षा वेगळी मागणी करतोच.

कायद्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक बाई सक्तीची केली. बऱ्याच ठिकाणी मालकाच्या घरातल्याच बाईचं नाव लागलं. पुढे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना किमान एक ‘स्वतंत्र’ महिला संचालक नेमायला लावली. पाऊल योग्यच होतं. पण ‘किमान एक’ हा आकडा कागदावर आला की तोच कमाल आकडा होण्याचा धोका असतो. नॉर्वेने २००३ साली कायदा केला तो ४० टक्क्यांचा. जिथे बायका तीन किंवा जास्त असतात त्या संचालक मंडळांतल्या बायकांशी बोलून काही संशोधकांनी २००८ साली लिहिलं, की तिसरी आल्यावर त्यांच्याकडे ‘बायकांचं मत’ म्हणून पाहणं कमी होतं. त्या एकमेकींशी उघडपणे असहमत होऊ शकतात. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याला सतत मैत्रिणी होऊन राहायचं नाहीये. एकमेकींचे प्रस्ताव पाडण्याचा, एकाच पदासाठी जीव तोडून झगडण्याचा आणि तरी संध्याकाळी कुणाच्या तोंडी विषय न होण्याचा जो हक्क पुरुषांना आहे, तो आपल्यालाही हवा.

मग उद्या ऑफिसात काय करायचं? एक उदाहरण देते. ओबामांच्या पहिल्या कार्यकाळात व्हाइट हाउसमधल्या वरिष्ठ सहाय्यकांत पुरुष खूप जास्त होते. तिथल्या बायकांनी आपसात ठरवलं, की बैठकीत एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो पुन्हा उच्चारायचा, तिचं नाव घेऊन. मग तो मुद्दा कुणी ढापू शकत नाही आणि दुर्लक्षही करू शकत नाही. यासाठी त्या एकमेकींना आवडायला हव्यात अशी अट नव्हती.

दुसरी गोष्ट माझ्या विभागातल्या मैत्रिणींसाठी. पुढच्या कॅलिब्रेशन बैठकीत ‘या दोघींत कोण?’ असं कुणी म्हणालं की शांतपणे विचारा, ‘या सहांत कोण?’ तेवढं पुरतं. मी एकदा विचारलं तेव्हा खोलीत कुणी वाद घातला नाही. यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली गेली.

आणि ज्या दोघी आत्ता एकाच बढतीसाठी उभ्या आहेत त्यांना एक विनंती आहे. स्पर्धा सोडू नका, पण निकाल लागल्यावर, किंवा त्याआधीच, एकदा समोरासमोर बसा. तुला काय सांगितलं, मला काय सांगितलं, हे एकमेकींना सांगा. पगाराचा आकडाही सांगा, कारण तुम्हाला तो न सांगण्याची सवय लावली गेली आहे आणि त्या गुपिताचा फायदा तुम्हा दोघींना कधीच झालेला नाही. मग तिसऱ्या माणसाकडे दोघी मिळून जा आणि विचारा, की या मजल्यावर एकूण जागा किती आहेत, आणि त्यातल्या आमच्यासाठी म्हणून तुम्ही किती मोजल्या होत्या.