दुखऱ्या गुडघ्याची मनातली तालीम

श्रोतेहो, नमस्कार. दादर स्थानकाच्या पुलावरून कठडा धरून एकेक पायरी उतरणारी माणसे आपण रोज पाहतो. त्यांतले बरेच जण सांगतात, "दुखणे एक वेळ सोसेन, पण पाय ऐन वेळी दगा देतो." हा दगा स्नायू झिजल्यामुळेच असतो असे नाही. गुडघा दुखावला किंवा त्यात पाणी साचले, की सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच आखडता घेतला जातो. स्नायू जागेवर असतो, पण पुरता कामाला लागत नाही. घरचे याला आळस म्हणतात, तो शुद्ध अन्याय आहे.

या हुकमाचा सराव मनातही करता येतो, कारण हालचालीची नुसती कल्पना करतानाही मेंदूतले हालचाल आखणारे बरेचसे भाग जागे होतात. १९९२ साली यू आणि कोल या संशोधकांनी निरोगी तरुणांना चार आठवडे करंगळी जोराने बाजूला नेण्याची केवळ कल्पना करायला लावली, तेव्हा तिची ताकद सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ३० टक्क्यांनी. अर्थात ती करंगळी दुखरी नव्हती, त्यामुळे हा आकडा गुडघ्याला जसाच्या तसा लावू नये, आणि कल्पनेला व्यायामाची जोड हवीच.

लालबागच्या चाळीतल्या एक आजी माझ्याकडे उपचाराला येत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, डोळे मिटून मनातल्या मनात जिना चढायला सांगितले, तर म्हणाल्या, "हो, दिसतेय की मी, चढतेय." सिनेमा पाहावा तसे त्या स्वतःला पाहत होत्या. मी म्हटले, "आजी, बघू नका, चढा. तळव्याला लादीचा गारवा, हाताला कठड्याचे लाकूड, मांडी घट्ट होतेय, हे आतून जाणवू द्या, आणि खरी पायरी चढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच घ्या." चौथ्या खेपेला त्यांचे ओठ आवळले गेले, तेव्हा मला खात्री पटली. मग लगेच त्याच गुडघ्याने टॉवेल खरोखर खाली दाबायचा, पाच आकडे मोजेपर्यंत.

काहींना मात्र नुसत्या कल्पनेनेही कळ येते, क्वचित सूजही वाढते. अशा वेळी जिना सोडून फक्त घोटा हलवण्याची कल्पना करावी आणि आपल्या फिजिओथेरपिस्टला सांगावे. आजींनीही पहिला आठवडा मनातल्या मनात एकच पायरी चढली. मजला त्यांनी पुढच्या आठवड्यावर ठेवला होता.