वही आणि थर्मामीटर

नमस्कार श्रोतेहो.

बायकोला कॅन्सर असल्याचा बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मला भीती वाटतेय." मी लगेच म्हणालो, "काही होत नाही गं, तू खंबीर आहेस." ती गप्प झाली. पुढे कितीतरी दिवस तिनं माझ्यापाशी तो विषयच काढला नाही. धीर द्यायला गेलो आणि तिचं बोलणं तोडून बसलो, हे मला फार उशिरा उमगलं.

आज ज्यांच्या घरी असा रिपोर्ट आलाय, त्यांच्यासाठी मी बोलतोय. जोडीदार घाबरला असेल तर त्याला घाबरू द्या. "मलाही भीती वाटते," असं म्हणून शेजारी बसा. कुणी मनानं खचला म्हणून त्याचा कॅन्सर वाढत नाही. पण "सकारात्मक राहा" हे उठताबसता ऐकलं की आजारी माणसाला रडायचीही चोरी होते.

डॉक्टरांसमोर डोकं सुन्न होतं, म्हणून एक वही जवळ ठेवा. प्रश्न घरूनच लिहून न्या, उत्तरं तिथेच टिपा. स्टेज म्हणजे आजार कुठवर पसरलाय आणि ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात. आम्ही दोन्ही एकच समजलो आणि आठवडाभर नको ते हिशेब करत बसलो. उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी, हेही विचारता येतं. मात्र ते ऐकायची जोडीदाराची तयारी आहे का, हे आधी त्यालाच विचारा.

आता हे नीट ऐका. बऱ्याच केमोंमध्ये, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधांच्या उपचारांमध्ये, डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांनी रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी झालेल्या असतात. केमो चालू असताना ताप 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करा. सकाळची वाट पाहू नका. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलही देऊ नका. ताप दबतो, संसर्ग आत तसाच राहतो. आमच्या उशाशी थर्मामीटर असायचा.

केमोचा थकवा झोपून जात नाही. तोंडाची चव बदलते, धातू चघळल्यासारखं वाटतं. तुम्ही हौसेनं केलेलं ताट बाजूला सरकवलं गेलं, तर मनाला लावून घेऊ नका.

नातेवाइकांना खबरबात द्यायचं काम घरातल्या एकावर सोपवा. आणि कुणी "दुपारभर मी बसतो" म्हणालं तर खरंच जा, झोपा. मी कुणालाच हो म्हणालो नाही. शेवटी इतका चिडचिडा झालो की माझीच समजूत तिला काढावी लागली.

परवा फॉलो-अपच्या स्कॅनआधीच्या रात्री ती पुन्हा म्हणाली, "भीती वाटतेय." मी दिवा लावला आणि विचारलं, "कशाची?" मग ती बोलत राहिली, आणि मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

नमस्कार.