बाज उचलणारे चौघे

नमस्कार, श्रोतेहो.

देव न मानणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात, आज त्यांच्याकडे वळत नाही. मला बोलायचंय ते देव मानणाऱ्या माणसाविषयी. तो रविवारी उपासनेला जातो, ताटावर बसण्याआधी डोळे मिटून आभार मानतो, मुलांना शब्बाथ शाळेत धाडतो. आणि एखाद्या वर्षी त्याला जाणवायला लागतं, की आपण प्रार्थनेत जे बोलतोय ते छताला आपटून खाली येतंय. काही मोठं संकट आलेलं असतंच असं नाही. नोकरी टिकून असते, घराचा हप्ता जात असतो. पण शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं की अक्षरं नुसती अक्षरं राहतात. गायन सुरू झालं की ओठ हलतात, आत काही हलत नाही. आणि हे सांगायची चोरी, कारण विश्वासणाऱ्यानं असं म्हणायचं नसतं, अशी आपली समजूत.

मी पाळकीण नाही. ठाण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत रविवारी शास्त्रवाचन करते, एवढाच माझा अधिकार. पण वाचून झाल्यावर खाली बसलं की समोरच्या बाकांवरचे चेहरे दिसतात, आणि कोण नुसता ओठ हलवतोय ते बहुधा कळतं.

आपल्या या भागात तो एकटेपणा जास्त बोचतो, असं मला वाटतं. इथले ईस्ट इंडियन आणि कोळी ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबं नगर, जालना, सोलापूरकडून आली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत चिकटली आणि मग कळवा, ऐरोली, घणसोली अशी पसरली. गावाकडे देऊळ, म्हणजे आमचं चर्च, घरापासून चार पावलांवर. तुम्ही उपासनेला आला नाहीत तर दुपारपर्यंत कुणीतरी दारात उभं: “काय गं, ताप आलाय का?” त्या चौकशीचा तेव्हा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. इथे घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावरून किंवा महाप्याच्या रात्रपाळीवरून तुम्ही तीन रविवार आला नाहीत, तर पाळकसाहेबांनाही चौथ्या रविवारी कळतं.

अशा माणसाला मी आधी बायबलमधली स्तोत्रं वाचायला सांगते, पण नेहमीचं तेविसावं नव्हे. तेरावं वाच म्हणते. त्यात गाणारा सरळ देवाला विचारतो, किती काळ मला विसरणार आहेस, किती काळ तोंड लपवणार आहेस? आणि अठ्ठ्याऐंशीवं वाच. बहुतेक रडगाण्यांच्या शेवटी स्तोत्रकर्ता सावरतो, स्तुती करतो. अठ्ठ्याऐंशीवं सावरत नाही, ते अंधारातच संपतं. कुणालाही वाटलं असतं की हे एवढं गाळून टाकावं, उगाच लोकांचा विश्वास डळमळायचा. कुणी गाळलं नाही. देवळात गायच्या पुस्तकात देवाविरुद्धची तक्रार ठेवलेली आहे, शतकानुशतकं.

आणि एलीया, देवाचा संदेष्टा. बायबलातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा माणूस रतामाच्या झुडपाखाली जाऊन बसतो आणि मरण मागतो. पुरे झालं, माझा जीव घे, म्हणतो. तेही केव्हा, तर आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेनं आकाशातून अग्नी पडलाय. एवढं डोळ्यांनी बघितलेला माणूस, आणि राणीच्या एका धमकीनं खचला. आता आपल्याकडे काय झालं असतं? कुणीतरी जवळ बसून समजावलं असतं, “एलीयाभाऊ, तुमची प्रार्थना कमी पडतेय.” देवदूत तसलं काही म्हणत नाही. तो त्याला झोपू देतो. मग स्पर्श करून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो. उपदेशाचं एक वाक्य नाही. देवाशी बोलणं होतं ते फार पुढे, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर.

इथे थोडं स्पष्ट बोलते. झोप उडाली, भूक मेली, जगण्यात रस उरला नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर तो आजार असू शकतो, आणि आजाराला डॉक्टर लागतो. आपल्या ठाण्यात मनाच्या आजारांचं सरकारी रुग्णालय 1901 सालापासून आहे. “ठाण्याला पाठवायला हवं” असा विनोद त्यावर आख्खा महाराष्ट्र करतो आणि आपणही हसतो. त्या हसण्यापायी किती जण वेळेवर गेले नाहीत, देव जाणे. टेलिमानस म्हणून सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक 14416, मराठीतही बोलता येतं. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही. एलीयानं भाकर खाल्ली म्हणून त्याचा झाला का?

बरं, आजार नाही, तरीही आतलं कोरडेपण आहे. मग बळ कुठून येतं?

त्याचं उत्तर मला मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सापडलंय. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. कफर्णहूम गावात येशू एका घरात बोलतोय, दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. दारातून वाट मिळत नाही, म्हणून वर चढतात, छप्पर उसकतात आणि बाज खाली सोडतात. (ज्याचं घर होतं त्यानं काय म्हटलं, आणि ते छप्पर नंतर कुणी शाकारलं, याबद्दल मार्क काही लिहीत नाही. मला दर वेळी त्याची आठवण येते.) या सगळ्या गोष्टीत तो आजारी माणूस एक शब्द बोलत नाही. बरं करा म्हणत नाही, माझा विश्वास आहे म्हणत नाही. त्याचा होता की नव्हता, आपल्याला कळत नाही. येशूनं पाहिला तो बाज आणणाऱ्यांचा विश्वास, आणि त्यावर तो पुढे बोलला.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपला विश्वास आपण एकट्यानंच, चोवीस तास, स्वतःच्या छातीत पेटता ठेवायचा असतो, ही जबाबदारी ख्रिस्तानं कुणावर टाकलेली नाही. एखादं वर्ष असं येतं की तुम्ही बाजेवर असता. त्या वर्षी तुमच्या वाटचा विश्वास दुसऱ्यांनी ठेवायचा असतो आणि तुम्ही तो ठेवू द्यायचा असतो. दुसरा भाग जास्त अवघड. आपल्याकडे मेल्यावर खांदा द्यायला चौघं मिळतात. जिवंतपणी उचला म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

खुद्द येशूची रेटली होती. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, तो पेत्राला आणि जब्दीच्या दोघा मुलांना, आपल्या शिष्यांना, जवळ घेतो आणि सांगतो, माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, हा भाग वेगळा. पण त्यानं मागितलं. देवाच्या पुत्राला सोबत मागावीशी वाटली, तर ऐरोलीच्या सेक्टरातल्या माणसानं मागायला लाजायचं कारण काय?

दूरचं उदाहरण कशाला, खुद्द ठाण्याचं सांगते. तलावपाळीवरून रोज जाणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसतं. 1321 साली इथे चार परदेशी ख्रिस्ती मारले गेले: टोलेन्टिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांच्याबरोबरचा दिमित्री, हा जॉर्जियाच्या तिफ्लिसचा. तिघे फ्रान्सिस्कन संन्यासी, दिमित्री साधा बंधू, दुभाष्याचं काम करणारा. त्यांना जायचं होतं केरळातल्या कोल्लमला, पण जहाज त्यांना ठाण्याच्या बंदरात घेऊन आलं. त्या वेळी ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, पूर्वेकडच्या नेस्टोरियन परंपरेची, आणि त्यांतल्याच एका घरात हे उतरले. एप्रिलच्या 9 तारखेला थॉमस, जेम्स आणि दिमित्रीला आणि 11 तारखेला पीटरला इथल्या सत्तेनं ठार केलं. इतिहासात ‘ठाण्याचे हुतात्मे’ म्हणून त्यांचं नाव आहे.

मला त्यांच्यापेक्षा पाचवा जवळचा वाटतो. जॉर्डन नावाचा डोमिनिकन संन्यासी त्यांच्याच सोबत आला होता. भरूचकडे काही ख्रिस्ती राहतात असं कळल्यावर तो तिकडे निघाला, चौघं मागे राहिली, आणि वाटेतच त्याला बातमी लागली. तो परत आला. जेनोआच्या एका तरुणाला सोबत घेऊन त्यानं चौघांचे देह सोपाऱ्याला नेले आणि पुरले. मग राहिला एकटा. भाषा परकी, किनारा परका, बरोबर निघालेलं कुणी उरलेलं नाही. त्यानं डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन बंधूंना लिहिलेली दोन पत्रं आज उपलब्ध आहेत, त्यांतलं दुसरं ठाण्याहून लिहिलेलं. शूर हुतात्म्यांच्या मित्राचं पत्र म्हटल्यावर आपण काय वाचायला मिळेल म्हणून बसतो? त्यात दुखणी आहेत, हाल आहेत, अनाथ झाल्यासारखा एकटेपणा आहे. आणि मागणी आहे ती माणसांची. इकडे बंधू पाठवा, या या गावी ते काम करू शकतील, म्हणून त्यानं पहिल्या पत्रात सोपारा, भरूच, कोल्लम अशी ठिकाणंसुद्धा कळवली होती. पुढे 1329 साली पोपनं त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. पण ठाण्यातला तो काळ त्यानं मी खंबीर आहे असं सांगून काढला नाही, पत्र लिहून काढला. आपल्या खाडीकाठाला सातशे वर्षांपूर्वीची ही एक हाक आहे, मंडळीतल्या माणसानं मंडळीतल्या माणसांना दिलेली.

पंडिता रमाबाईंचंही असंच. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. पण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मधे वर्षं गेली. ती वर्षं त्यांनी हात बांधून काढली नाहीत: शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं. आतलं सगळं लखलखीत झाल्यावर कामाला लागेन, असं म्हणाल्या असत्या तर केडगावचं मुक्ती मिशन झालं नसतं. आणि अखेरीस, 1921 साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

मदर तेरेसांबद्दल थोडक्यात. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती, हे त्यांच्या पत्रांवरून 2007 साली जगाला कळलं. ती पत्रं नष्ट करा असं त्यांनी सांगितलं होतं. मग ती छापली हे योग्य की अयोग्य, माझं मन अजून दोन्हीकडे जातं. मला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे: हे सगळं त्यांनी आपल्या धर्मगुरूंना सांगितलं होतं. सगळ्यांना नाही. पण कुणालाच नाही, असंही नाही.

अशा काळात काय करू नये, याचा एक नियम लोयोलाच्या संत इग्नाशियसनं सोळाव्या शतकात घालून दिला, आणि तो मला फार व्यवहारी वाटतो. मन उजेडात असताना जे ठरवलं होतं, ते मन अंधारात असताना बदलायचं नाही. म्हणजे मंडळी सोडायची असेल, सेवा सोडायची असेल, कुणाशी कायमचं तोडायचं असेल, तर जरा थांबा. सैनिक होता तो आधी. तोफगोळ्यानं पाय मोडून अंथरुणावर पडला, तेव्हाच त्यानं मनाची ही भरती-ओहोटी निरखायला सुरुवात केली.

आता बाजेवर नसलेल्यांशी दोन शब्द, म्हणजे सध्या ज्यांचं बरं चाललंय त्यांच्याशी. तुमच्या ओळखीत कुणी दिसेनासं झालं असेल, तर व्हॉट्सअॅपवर वचन पाठवून मोकळे होऊ नका. वचन चांगलंच असतं, पण ज्याला अक्षरं नुसती अक्षरं दिसतायत त्याला आणखी अक्षरं काय कामाची? घरी जा. जाताना डबा न्या. तो देवाविरुद्ध बोलला तर बोलू द्या, देवाची वकिली करायला गेलेला नाहीत तुम्ही. “तुझ्यासाठी प्रार्थना करते” म्हणालात तर खरंच करा, आणि घरी येऊन करा, त्याच्यासमोर लांबलचक नको.

आणि शनिवारी रात्री फोन करून सांगा, उद्या साडेआठला रिक्षा घेऊन खाली उभी आहे, तू फक्त चपला घाल. गायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, दोघं मागच्या बाकावर बसू. गायन आम्ही म्हणतोच आहोत, तुझ्या वाटचंही म्हणू. कंटाळा आला तर शेवटच्या आशीर्वादाआधी उठू आणि स्टेशनजवळ चहा पिऊन परत येऊ.

नमस्कार.