उसनवारीची अडीच वर्षं

१२ मे २०१३. इंग्लंडमधलं वॉटफर्ड. फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या फेरीचा, म्हणजे प्ले-ऑफचा, उपांत्य सामना. त्याची भरपाई वेळही संपत आलीय. लेस्टर सिटीला पेनल्टी मिळते. नोकेअर मारतो, गोलरक्षक अल्मुनिया अडवतो. परत आलेला चेंडू नोकेअर पुन्हा मारतो, अल्मुनिया तोही अडवतो. काही सेकंदांतच चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो आणि वॉटफर्डचा ट्रॉय डीनी तो जाळ्यात धाडतो. लेस्टरचा हंगाम तिथेच संपतो.

त्या सामन्यात खेळलेला एक एकोणीस वर्षांचा मुलगा मुळात लेस्टरचा नव्हताच. लंडनच्या टॉटनहॅम क्लबनं त्याला काही महिन्यांसाठी दिला होता. त्याचं नाव हॅरी केन.

इंग्लंडमध्ये याला 'लोन' म्हणतात. आपण सरळ उसनवारी म्हणू. मोठ्या क्लबकडे उमदी पोरं भरपूर, पण मैदानात जागा अकराच. मग पोराला धाकट्या क्लबकडे पाठवायचं. तिथे त्याला सामने मिळतात, आणि मालक क्लबला कळतं, याच्यात दम आहे की नाही.

केन पूर्व लंडनचा, वॉल्थमस्टोचा. आठव्या वर्षी आर्सेनलच्या अकादमीत गेला आणि एका हंगामानंतर आर्सेनलनं त्याला सोडून दिलं. अकराव्या वर्षी टॉटनहॅमनं घेतलं.

पहिली उसनवारी घराजवळच, लेटन ओरिएंटकडे. जानेवारी २०११, तिसऱ्या श्रेणीची लीग, आणि केन सतरा वर्षांचा. समोर पोटापाण्यासाठी खेळणारी थोराड माणसं. शेफील्ड वेन्सडेविरुद्ध त्याचा पहिला गोल झाला. हंगामाअखेर ओरिएंटसाठी पाच गोल.

ऑगस्टमध्ये टॉटनहॅमकडून पदार्पण, युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, स्कॉटलंडच्या हार्ट्सविरुद्ध. पेनल्टी त्यानंच मिळवली, मारलीही त्यानंच, आणि गोलरक्षकानं ती अडवली.

मग मिलवॉल. जानेवारी २०१२. हा क्लब दक्षिण लंडनचा, आणि त्याचा प्रेक्षक कुणाचे लाड करणारा नाही. संघ दुसऱ्या श्रेणीतून खाली घसरू नये म्हणून झगडत होता. सोबत टॉटनहॅमचाच रायन मेसन. केनचे नऊ गोल झाले, मिलवॉल तगला, आणि क्लबनं त्याला मोसमातला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरवलं. माझ्या मते केन घडला तो इथे. इथे गोल हुकला, तर दुसऱ्या कुणाची तरी नोकरी धोक्यात यायची. अकादमीत हे कुणी शिकवू शकत नाही.

इतकं जमल्यावर पुढचं सोपं जाईल, असं वाटणं साहजिक होतं.

पण पुढच्या उसनवारीत, नॉर्विच क्लबकडे, सगळं उलटं झालं. वेस्ट हॅमविरुद्ध बदली म्हणून उतरला, समोर एकटा गोलरक्षक असताना संधी हुकली. थोड्याच दिवसांत डॉनकास्टरविरुद्ध पायाचं हाड मोडलं. पाच सामने, शून्य गोल. तिथून लेस्टर, आणि लेस्टरला बहुतेक वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर.

(दृश्य: बाकावर शेजारी शेजारी बसलेले केन आणि जेमी वार्डी)

हा फोटो जरा थांबून बघा. तीन वर्षांनी, २०१५-१६ च्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत, केनचे २५ गोल होते आणि वार्डीचे २४. वार्डी तर लेस्टरसोबत विजेता ठरला. पण २०१३ मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या लेस्टरला हे दोघं बाकावर दिसत होते.

केननं पुढे स्वतः लिहिलंय, की लेस्टरच्या संघातही जागा मिळत नसेल तर टॉटनहॅमकडून कसं खेळणार, हा प्रश्न त्याला तिथे खात होता. त्याच दिवसांत त्यानं घरी बसून टॉम ब्रेडीवरचा एक माहितीपट पाहिला. अमेरिकन फुटबॉलचा हा महान खेळाडू निवडीच्या यादीत १९९ वा होता. आपल्याबद्दल इतरांनी काढलेला निष्कर्ष चुकू शकतो, ही गोष्ट केनच्या मनात घर करून बसली.

तो टॉटनहॅमला परतला. एप्रिल २०१४ मध्ये संडरलँडविरुद्ध लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि गोल केला. पुढच्या हंगामात ३१ गोल. मार्च २०१५ मध्ये लिथुएनियाविरुद्ध इंग्लंडकडून मैदानात उतरल्यावर दीड मिनिटाच्या आत पहिला गोल. त्यानंतर चारच दिवसांनी मेसनही इंग्लंडकडून खेळला. मिलवॉलला एकत्र गेलेली दोन पोरं!

चार क्लबांच्या उसनवारीत केनचे मिळून सोळा गोल होते. टॉटनहॅम सोडताना २८०, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक.

(दृश्य: लेटन ओरिएंटची जर्सी)

२०२० मध्ये कोविडनं लहान क्लबांची मिळकत थांबवली, तेव्हा लेटन ओरिएंटच्या जर्सीचं प्रायोजकत्व केननं घेतलं. छातीवर स्वतःचं नाव मात्र घातलं नाही. एका जर्सीवर कोविडशी लढणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आभार होते, दुसरीवर गंभीर आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेचं नाव, तिसरीवर मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेचं.