चांगला हात मोज्यात

(दृश्य: नारायण पेठेतलं घर, सकाळचे साडेआठ. जेवणाच्या टेबलावर स्टीलचं ताट. त्यात राजमा, हरभरे आणि साबुदाणा एकत्र मिसळलेले.)

हे माझे वडील. घरात आणि बुधवार पेठेतल्या त्यांच्या दुकानाच्या आसपास सगळे त्यांना नाना म्हणतात. ४१ वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा, आणि चिमट्याच्या टोकाला तीळसुद्धा मोठा वाटावा असा स्क्रू. तो बसवताना नाना श्वास धरून ठेवायचे. लहानपणी दुकानात बसले की त्यांच्याबरोबर मीही श्वास धरायचे.

आज त्यांच्या डाव्या हातात लोकरीचा हातमोजा आहे. काश्मीरच्या सहलीला जाताना आईने घेतलेला. मनगटापाशी नाडीने घट्ट बांधलाय. कारण हा डावा हात फार तत्पर झालाय, तो मोकळा असला की उजव्याला काही करूच देत नाही.

(दृश्य: उजव्या हाताची तर्जनी एका हरभऱ्यावर येते.)

बघा. बोट हरभऱ्यापर्यंत पोचलं. अंगठा मागून येतोय, उशिरा. हरभरा निसटला. नाना तो ताटाच्या काठाशी ढकलत नेतात, काठाचा आधार घेतात, आणि पुन्हा अंगठा. या वेळी धरला. वाटी तिथून चार इंचांवर आहे. त्या चार इंचांना अर्धा मिनिट लागतो.

गेल्या ज्येष्ठ महिन्यात, पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, नानांच्या हातातून चहाचा कप सुटला. उचलायला गेले तर बोटं कपाकडे गेलीच नाहीत. तोंड एका बाजूला ओढलं होतं, शब्द अडखळत होते. पक्षाघाताची ही तीन लक्षणं कुठेही दिसली तर घड्याळ बघा आणि निघा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आम्ही वेळेत पोचलो. तरी मेंदूच्या डाव्या भागातल्या काही पेशी गेल्या. डाव्या मेंदूच्या ताब्यात उजवं अंग असतं.

तीन आठवड्यांनी नाना घरी आले. मनगट थोडं उचलत होतं, बोटं अर्धी उघडत होती. पण नाना तो हात वापरतच नव्हते. मांडीवर ठेवायचे, शाल पांघरल्यासारखा. चमचा डाव्या हातात, वर्तमानपत्र डाव्या हातात, देवाला नमस्कारसुद्धा एका हाताने. कुणी विचारलं तर म्हणायचे, “हात गेला.”

मराठीत आपण माणूस गेला असं म्हणतो. ते ऐकलं की मला तेच आठवायचं.

आम्ही काय करत होतो? नाना शर्टाच्या गुंडीशी झटायला लागले की मी धावायचे. “राहू द्या नाना, मी लावते.” आई पोळीचे तुकडे करून ताट पुढे ठेवायची. माया होती ती, दुसरं काही नाही. पण त्या मायेने नानांचा हात रोज थोडा थोडा मागे जात होता. हे आम्हाला सांगितलं घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी. नानांकडे बघून त्या म्हणाल्या, “काका, तुमचा हात जेवढा गेलाय, त्यापेक्षा जास्त तुम्ही सोडून दिलाय.” आई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

(दृश्य: प्रयोगशाळेची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

ताई बोलल्या त्यामागे एक इतिहास आहे. अमेरिकेत एडवर्ड टॉब नावाचे संशोधक माकडांवर प्रयोग करत होते. एका हाताकडून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनेच्या नसा कापल्या की माकड तो हात वापरणं सोडून देई. हात हलवणाऱ्या नसा शाबूत असूनही. टॉब यांनी चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा तेच माकड ‘निकामी’ हाताने खाणं उचलू लागलं. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत हात चालला नाही, दर वेळी अपयश आलं, आणि मेंदूने त्यातून एक धडा घेतला की हा हात चालत नाही. पुढे हात सुधारला तरी धडा तसाच राहिला. (त्या माकडांच्या हालांवरून १९८१ मध्ये अमेरिकेत मोठं वादळ उठलं. नानांच्या हातातला मोजा कुणाच्या वेदनेतून आलाय हे मला विसरायचं नाही.)

ही गोष्ट मी ऐकली तेव्हा हादरले. ‘जमत नाही’ हेसुद्धा मेंदू शिकतो. तेवढ्याच निष्ठेने, पाढे पाठ करावेत तसं.

मग माणसांवर मोठी चाचणी झाली. पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण. एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ मोजा, आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास सराव. २००६ मध्ये निष्कर्ष आले. मोजा घातलेल्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला, आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. मात्र त्यात मनगट आणि बोटं थोडी तरी हलणारेच रुग्ण घेतले होते. तेव्हा हे बघून कुणी घरच्या घरी कुणाचा हात बांधू नका. आधी तज्ज्ञाला दाखवा.

(दृश्य: मेंदूचं रेखाचित्र, पेशींच्या शाखा.)

शंभर वर्षांपूर्वी असं काही बोलणारा वेडा ठरला असता. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांना मेंदूच्या पेशींवरील कामासाठी १९०६ चं नोबेल मिळालं. त्यांनी १९१३ मध्ये लिहून ठेवलं की प्रौढ मेंदूतल्या वाटा ठरून गेलेल्या असतात, त्यात आता बदल नाही. हा निवाडा कठोर आहे आणि जमलं तर पुढच्या विज्ञानाने तो बदलावा, हेही त्यांनीच लिहिलं. मोठ्या माणसाचं मोठेपण मला त्यांच्या या दुसऱ्या वाक्यात दिसतं.

तो बदलायला बराच काळ गेला. दोन पेशींच्या मध्ये अतिशय बारीक फट असते. एका पेशीतून सुटलेलं रसायन ती फट ओलांडून पुढच्या पेशीला जागं करतं. कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलं की एक पेशी दुसरीला वारंवार जागं करत राहिली तर त्यांच्यातली जोडणी बळकट होत जाते. टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत ते मोजून दाखवलं. काही सेकंदांचं उत्तेजन, आणि जोडणी कित्येक तास बळकट.

याची दुसरी बाजू रँडॉल्फ न्यूडो यांनी १९९६ मध्ये दाखवली. मेंदूला इजा झालेल्या माकडांना सराव दिला नाही, तर इजेच्या शेजारचा, हाताचाच पण शाबूत राहिलेला भागही कामातून गेला. सराव दिला तेव्हा तो टिकला. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शेजारच्या पेशी भार उचलतात. पण त्यांना काम मिळालं पाहिजे. आम्ही गुंड्या लावून देत होतो, तेव्हा नेमकं ते काम काढून घेत होतो.

(दृश्य: नाना ताटावर झुकलेले. मागे बंद टीव्ही.)

हा टीव्ही ताईंनी बंद करायला लावला. पहिले काही दिवस नाना बातम्या बघत बघत राजमा निवडायचे. ताई म्हणाल्या, असे हजार दाणे उचलले तरी फार उपयोग नाही. मायकेल मर्झेनिक यांच्या प्रयोगशाळेत माकडांच्या बोटांना सारखाच स्पर्श दिला जाई. ज्यांचं लक्ष स्पर्शाकडे होतं त्यांच्या मेंदूतला बोटांचा नकाशा, म्हणजे कुठल्या बोटासाठी मेंदूतली कुठली जागा, तो बदलला. ज्यांना त्याच वेळी आवाजाकडे लक्ष द्यायला शिकवलं होतं, त्यांचा तसा बदलला नाही. नानांना हे लगेच पटलं. ज्याने घड्याळाची केसासारखी स्प्रिंग सरळ केलीय, त्याला लक्ष म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

(दृश्य: बुधवार पेठ. दगडूशेठ गणपतीसमोरची गर्दी. रस्त्यापलीकडे भिडेवाड्याची जागा.)

नानांचं दुकान इथून दोन गल्ल्या पलीकडे. हा भिडेवाडा. जुनी वास्तू २०२३ च्या डिसेंबरात पाडली, पण जागा हीच. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा इथे काढली. सावित्रीबाई तेव्हा १७ वर्षांच्या, आणि अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पुढे १८५५ मध्ये या दांपत्याने शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा चालवली. दिवसभर नांगर आणि फावडं धरलेली बोटं संध्याकाळी पाटीवर अ काढायची. स्वभावाला औषध नाही, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे ऐकतच तीही माणसं मोठी झाली असणार.

त्या मजुरांच्या मेंदूत काय घडलं असेल याचा अंदाज आज करता येतो. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधल्या, तिशीच्या आसपासच्या निरक्षर लोकांना (त्यात बहुतेक स्त्रियाच) सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. फरक मेंदूच्या वरच्या थरात होताच, शिवाय खोल आतल्या, उत्क्रांतीत फार जुन्या असलेल्या थॅलॅमस आणि मेंदूच्या देठापर्यंत पोचला होता. क, ख, ग! आपण सहज गिरवलेली ही अक्षरं. मला या अभ्यासाचा फार अभिमान वाटतो, जणू घरच्या कुणी केलाय.

मग ‘मला गणित येत नाही’, ‘मी मुळात तापटच’, ‘या वयात मोबाइल कुठे शिकू’, ही वाक्यं आपण कुठल्या खात्रीने बोलतो? नानांच्या मांडीवरच्या हातासारखीच ती मला आता दिसतात. कधीतरी दोन-चारदा खरंच जमलं नाही. मग प्रयत्न सुटला. मग न जमणं पक्कं झालं. आणि शेजारी कुणीतरी मायेने म्हणत होतं, राहू दे, मी करते.

नुसत्या विश्वासाने किती फरक पडतो, हेही मोजलंय. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांपैकी निम्म्यांना तासाभराहून कमी वेळात शिकवलं की बुद्धी वाढवता येते. २०१९ चे निष्कर्ष सांगतात की अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण त्याने वाढले, पण थोडेच, चार गुणांच्या मापावर ०.१. आणि जिथे वर्गातल्या सोबत्यांनाही अवघडाशी झटणं आवडत होतं तिथे जास्त. मला हा आकडा प्रामाणिक वाटतो. विश्वासाने माणूस टेबलापाशी येऊन बसतो. हरभरे नंतर उचलावेच लागतात.

किती दिवस? पुण्यात कुठल्याही शिबिराच्या जाहिरातीत २१ दिवस लिहिलेले दिसतात. तो आकडा १९६० मध्ये एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने नोंदवलेल्या निरीक्षणातून पसरला. नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. लंडनमध्ये ९६ लोकांच्या साध्यासुध्या सवयींची रोज नोंद ठेवली, तर सरासरी निघाली ६६ दिवस. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा अंदाज. आणि एखादा दिवस चुकला तरी बिघडत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी नानांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं, कारण गणपतीत घरात पाहुणे होते, सराव बुडाला होता आणि ते मनातून खचले होते.

सोडून दिलं तर मात्र मिळालेलंही जातं. २००४ च्या एका प्रयोगात तीन महिने चेंडू झेलण्याची कसरत शिकलेल्यांच्या मेंदूचा काही भाग वाढलेला दिसला. पुढचे तीन महिने त्यांनी चेंडूला हात लावला नाही, आणि ती वाढ ओसरत गेली.

(दृश्य: दुकानाचं अर्धं उघडं शटर. टेबलावर भिंग, चिमटे, काचेच्या बरणीत सुटे भाग.)

नाना या खुर्चीवर पुन्हा बसून मनगटी घड्याळ उघडतील का? आज तरी तो चिमटा त्यांच्या बोटांत ठरत नाही. एकदा प्रयत्न केला, स्क्रू उडून फरशीच्या फटीत गेला. नाना बराच वेळ फटीकडे बघत बसले. मी काही बोलले नाही. मग म्हणाले, “हाताला अजून कळत नाही किती दाबायचं ते.”

‘हात गेला’ म्हणणारा माणूस आता ‘हाताला अजून कळत नाही’ म्हणत होता. घरी येईपर्यंत मी रिक्षात रडत होते.

(दृश्य: घर, रविवार. भिंतीवरचं जुनं चावीचं घड्याळ.)

हे घड्याळ आजोबांचं. आठवड्यातून एकदा चावी द्यावी लागते. तबकडीवर दोन भोकं आहेत, उजवं वेळेचं, डावं टोलांचं. नानांशिवाय कुणी त्याला हात लावलेला नाही. म्हणून गेल्या ज्येष्ठ महिन्यापासून ते बंद होतं.

“मोजा कुठे ठेवलास?” नाना विचारतात. आई नाडी बांधते. आता ती गाठ नीट घट्ट मारते.

स्टुलावर उभे राहून, माझ्या खांद्याला कोपर टेकवून, नाना उजव्या हाताने चावी भोकात घालतात. दुसऱ्या प्रयत्नात बसते. अर्धा वेढा. थांबून बोटं उघडतात, पुन्हा धरतात. अर्धा वेढा. अकरा झाल्यावर लंबकाला हलकासा धक्का.

टिक्. टिक्.

“आणि टोलांची?” आई खालून विचारते.

“ती बाजू जड फिरते,” नाना म्हणतात. “आज नको. पुढच्या रविवारी बघू.”

(दृश्य: दहा वाजतात. काटे जागेवर येतात. लंबक हलतोय. टोल पडत नाहीत. खाली टेबलावर नाना साबुदाणा वेगळा करायला बसले आहेत.)