डोळ्याखालची फूट

श्रोतेहो, नमस्कार.

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या गावांत घरोघरी प्रार्थनेला बसलो की एक प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारा कधी कॉलेजात जाणारा पोरगा असतो, कधी नातवंडांची आजी. "पाळकसाहेब, बाप्तिस्मा घेतला, दर रविवारी उपासनेला येतो, शास्त्र वाचतो. तरी राग आला का तोंडातून शिवीच निघते. मंग मी बदललो का नाही?"

आज ह्याच प्रश्नावर बोलणार आहे. ह्या एका शंकेपायी चांगली चांगली माणसं मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, दूर गेलेली मी पाहिली आहेत. त्यांनी पाप केलं म्हणून ती गेली नाहीत. आपल्यासारख्याला इथं जागा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

प्रेषित पौलाने हा प्रश्न टाळलेला नाही. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश. तिथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की देहवासना आत्म्याविरुद्ध आहे आणि आत्मा देहवासनेविरुद्ध आहे. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. हे त्याने लिहिलं ते विश्वासणाऱ्यांना, ज्यांना पवित्र आत्मा मिळालेला आहे अशा लोकांना. म्हणजे झगडा आहे तो घरातलाच. ज्याच्या ठायी आत्माच नाही त्याच्या आत कोण कोणाशी झगडणार? शिवी तोंडातून गेल्यावर रात्री झोप लागत नाही ना? ते तुमच्यात आत्मा काम करत असल्याचं लक्षण आहे.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर पौल 'मी' म्हणून बोलतो. जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि जे वाईट नकोसं वाटतं तेच मी करतो. शेवटी त्याच्या तोंडून आरोळीच निघते: मला ह्यातून कोण सोडवील? हा 'मी' नेमका कोण, यावर मंडळीत शतकानुशतकं विचार झाला. चौथ्या-पाचव्या शतकातला, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन आधी म्हणत असे की ही नियमशास्त्राखालच्या, म्हणजे मोशेच्या नियमांनी चालू पाहणाऱ्या, अजून कृपा न लाभलेल्या माणसाची अवस्था आहे. पुढे त्याचं मत बदललं. कृपेखालचा माणूसही, खुद्द प्रेषितसुद्धा, असं म्हणू शकतो, असं तो सांगू लागला. मला त्याचं नंतरचं म्हणणं पटतं. दुखणाइताच्या उशाशी बसून हा अध्याय मी वाचला आहे, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना पाहिला आहे.

आता आपल्या भागातलंच एक उदाहरण देतो. संत्र्याची बाग असलेल्यांना ते लगेच कळेल. आपलं संत्र्याचं झाड नुसतं संत्र्याचं नसतं. जंबेरी म्हणजे आंबट लिंबाची एक जात. तिच्या रोपावर जमिनीपासून वीतभर वर नागपुरी संत्र्याचा डोळा, म्हणजे कळीचा तुकडा, बांधलेला असतो. मुळं जंबेरीची, वरचं झाड संत्र्याचं. आणि डोळ्याच्या खालून, त्या जुन्या खुंटातून, फूट येत राहते. हिरवीगार, सरळसोट, काटेरी. संत्र्याच्या फांदीपेक्षा तिला जोर जास्त. राहू दिली तर खालचं सगळं पाणी-खत तीच ओढते, संत्रा मागे पडतो आणि झाडावर जाड सालीची आंबट जंबेरी लागते.

मोर्शीकडे एका बागेत एक काका ही फूट काढताना पाहिले. खाली वाकायचं, बुंध्यावर हात फिरवायचा आणि कोवळी फूट अंगठ्याने मुळाशी दाबून मोडायची. हाती ना कात्री, ना चाकू. मी विचारलं तर म्हणाले, "अंगठ्यानं निघते तवाच काढा लागते बाप्पा. मंग आरी लागते." असं किती वर्षं करायचं, असं विचारल्यावर त्यांनी वरही पाहिलं नाही. "झाड जितं हाये तोवर."

फूट आली म्हणून काकांनी झाड उपटलं नाही. डोळा बांधलेला वाया गेला, असंही ते म्हणाले नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. फूट मोडून मोडून जंबेरीचा संत्रा होत नाही. संत्रा झाला तो डोळा बांधला तेव्हाच. ख्रिस्ताने आपल्याला जे नवं जीवन दिलं ते आपण पाप सोडल्याचं बक्षीस म्हणून नव्हे. ते आधी मिळालं, म्हणून फूट मोडण्याला अर्थ आहे. सातव्या अध्यायातल्या त्या आरोळीनंतर आठवा अध्याय उघडतो तो ह्याच शब्दांनी, की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही. झगडा अजून संपलेला नाही, आणि निकाल मात्र आधीच सांगून टाकला आहे!

पण फूट कोणती, हे ओळखायला आपण चुकतो. आपल्या खेड्यापाड्यांत 'देहाची कर्मे' म्हटलं की दारू आणि बाईबाजी एवढंच डोळ्यांपुढे येतं. दारूने किती घरं बसली ते मला सांगायला नको. ते हलकं मी मुळीच करत नाही. तरी गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली पौलाची यादी नीट वाचा. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ती पंधरा नावांची आहे आणि त्यातली आठ अशी: वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. निम्म्याहून जास्त! शरीर हे देवाने केलेलं, चांगलं. त्याला शिव्या देऊन भागणार नाही. माणसामाणसांत जे बिघडतं तिथं देहस्वभाव सगळ्यात जोरात फुटतो.

दोन भावांचं शेत लागून असतं. पेरणीच्या वेळी एकाचा ट्रॅक्टर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तासभर, म्हणजे नांगराच्या एका ओळीएवढी, जमीन पलीकडची घेतो. पुढच्या साली दुसरा धुरा कोरतो. मग मोजणी, मग तहसील, मग बायकांचं बोलणं बंद. आणि रविवारी दोघंही एकाच प्याल्याच्या प्रभुभोजनाला येतात, एक ह्या बाकावर, एक त्या बाकावर. दोघंही दारूला शिवत नाहीत, म्हणून दोघांनाही आपण आत्म्याने चालतो असं वाटतं. त्या तासभर जमिनीत येऊन येऊन कापूस किती येणार? पण आतली फूट आता आरीची झाली आहे.

मोठ्या माणसांनाही हे सुटलं नाही. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले असताना रेल्वेच्या डब्यात त्यांच्या हाती बायबलातला नवा करार आला. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची भजनं आपण आजही म्हणतो. आणि त्यांचा राग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत जराही न लपवता लिहून ठेवला आहे. ते लिखाण वाचून टिळकांविषयीचा माझा आदर तसूभरही कमी झाला नाही. उलट ज्या कृपेवर त्यांनी गाणी लिहिली ती खरी वाटू लागली.

मग करायचं काय? पौलाचा क्रम बघा. आधी देहवासना मारा आणि मग आत्म्याने चाला, असं तो सांगत नाही. आत्म्याच्या प्रेरणेने चाला, म्हणजे देहवासना पुरी करणार नाही, असं म्हणतो. चालणं म्हणजे रोजचं, पायाखालचं. सकाळी कामाला लागण्याआधी दोन मिनिटं प्रार्थना. जीभ सुटणार असं वाटलं की तिथून उठून जाणं. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव घेऊन देवापुढे बसणं. शेवटचं फार जड जातं. ते एकट्याने होत नाही, म्हणून गलतीकरांस पत्राच्याच सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल सांगतो की कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि एकमेकांची ओझी वाहा. त्याला मंडळीबाहेर काढून चौकात चर्चा करा, असं तिथं लिहिलेलं नाही.

आज रात्री जेवणं झाल्यावर गलतीकरांस पत्र काढा. पाचव्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून सहाव्याच्या दुसऱ्या वचनापर्यंत घरातल्या कोणीतरी मोठ्याने वाचावं. आणि धुऱ्यापलीकडच्या भावाला बोलावता आलं, तर वाचायला त्यालाच सांगा.

नमस्कार.